पन्नास पौंड कुणाचे?

तर मंडळी, हा वाद अजून मिटलेला नाही. चिरंजीवांच्या मते मी उगाच बाऊ करतो. माझ्या मते तो पाकिटावरचा आकडा वाचतो आणि भिंतीकडे बघतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अमेरिकेत मुलाकडे होतो. त्याने गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलंय, ट्रॅव्हल ट्रेलर. (शेगडी, मोरी, फ्रीज, सगळं आत! आमची ही तर हरखूनच गेली.) त्यात नातवाच्या बिछान्याच्या वर त्याने टीव्ही लावला. ब्रॅकेटवर लिहिलं होतं, पन्नास पौंड पेलेल. टीव्ही जेमतेम पंधरा पौंडांचा. मग काळजी कसली?

अहो, पण ते पन्नास पौंड ब्रॅकेटचे! भिंतीचे किती? आतली भिंत म्हणजे तीनेक मिलिमीटरचं प्लाय, मागे लांब लांब अंतरावर लाकडी पट्ट्या, मधे नुसतं इन्सुलेशन. त्यात घराची भिंत जागेवर उभी असते, ही दिवसभर खड्ड्यांतून उडत असते. शिवाय तो पुढे ओढायचा आर्म. पाण्याची बादली अंगालगत धरून बघा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे वरच्या स्क्रूंची अवस्था कळेल.

दुसऱ्या मुक्कामी रात्री नातवाला पांघरूण घालायला गेलो, तर वरचे दोन्ही स्क्रू अर्धे बाहेर आणि उशीवर प्लायचा भुगा.

मुलाचा उपाय काय? लांब स्क्रू! अख्खी भिंत दीड-दोन इंचांची. स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून निघाला की पावसाचं पाणी आत आणि लाकूड कुजायला सुरुवात. विजेच्या वायरीही त्याच भिंतीतून जातात, हे वेगळंच.

मी बी.ए. झालेला मास्तर, सुतार नव्हे. पण लोहचुंबक फिरवून प्लायच्या पिना शोधल्या की पट्ट्या सापडतात, एवढं कळतं. दोन पट्ट्यांवर आडवी अर्ध्या इंचाची फळी गोंद आणि स्क्रूंनी बसवायची आणि ब्रॅकेट त्या फळीवर. तरीही निघण्यापूर्वी टीव्ही उतरवून, गोधडीत गुंडाळून, गाद्यांच्या मधे उभा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. "रोज कोण काढणार, बाबा?" अरे, पाण्याचा पाइप आणि विजेची केबल रोज काढतोसच ना!

फळी तेवढी बसली. काल फोनवर विचारलं तर म्हणाला, "आर्मला लॉक आहे की!" म्हटलं, बरं, निदान पोराची उशी तरी दुसऱ्या टोकाला ठेव.