घरची पेढी असताना नोकरी कशाला?

बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या मुलाखतीत व्यापारी घरातील उमेदवाराला एक प्रश्न बहुधा विचारला जातोच. अर्ज चाळता चाळता मंडळावरील ज्येष्ठ अधिकारी ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी थांबतात, मान वर करतात आणि विचारतात, ‘‘घरची पेढी आहे, मग नोकरी कशाला?’’ शिक्षकाच्या किंवा सरकारी कारकुनाच्या मुलाच्या वाट्याला हा प्रश्न येत नाही. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याचे उत्तर सापडत नाही, आणि इतर वीस प्रश्नांची उत्तरे मुखोद्गत करून गेलेला मुलगा नेमका येथेच अडखळतो.

अडखळल्यावर तोंडून जी उत्तरे बाहेर पडतात, ती ठरलेलीच असतात. कोणी ‘देशसेवा करायची आहे’ म्हणतो. कोणी ‘मला आव्हाने आवडतात’ असे सांगतो. जणू उधारीची वसुली आणि मंदीतला बाजार यांत काही आव्हान नसावे! सर्वांत वाईट उत्तर मात्र ‘दुकान अगदी लहान आहे, त्यात काही राहिले नाही’ हे होय. ज्या दुकानाने शिकवणीचे शुल्क भरले, त्याला अनोळखी माणसांसमोर हिणवणारा तरुण उद्या बँकेविषयीही बाहेर असेच बोलेल, असा मंडळाचा ग्रह झाला तर त्यात नवल नाही.

मंडळाच्या मनात व्यापाराविषयी अनादर नसतो. निवडलेल्या अधिकाऱ्यास साधारण दोन वर्षे प्रोबेशनवर ठेवून, शाखेशाखेत फिरवून बँक तयार करते. तो मध्येच गल्ल्यावर परत गेला, तर ती मेहनत वाया जाते. अनेक बँका ठरावीक मुदतीचे हमीपत्र लिहून घेतात, ते याच कारणाने. तेव्हा प्रश्नाचा खरा अर्थ इतकाच असतो : तुम्ही टिकाल काय?

या थोड्या मिनिटांचे मोल किती, हेही ध्यानात घ्यावे. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या भरतीत अंतिम यादीसाठी मुख्य परीक्षेला 80 टक्के व मुलाखतीला 20 टक्के वजन असते. मुलाखत 100 गुणांची. त्यांत खुल्या प्रवर्गाला किमान 40 टक्के व राखीव प्रवर्गांना 35 टक्के गुण मिळवावेच लागतात. पूर्वपरीक्षेचे गुण येथे धरले जात नाहीत. मुलाखतीत एकाला 45 आणि दुसऱ्याला 70 गुण पडले, तर अंतिम यादीत दोघांमध्ये 5 गुणांचे अंतर पडते. आणि या यादीत एकेका गुणाच्या आत कितीतरी उमेदवार दाटीने बसलेले असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. त्याचे उत्तर उमेदवाराला एकट्याने तयार करता येत नाही, कारण ते पुष्कळदा घरातच ठरलेले नसते. ‘परीक्षा देऊन तर पाहा, नाही झाले तर दुकान आहेच’, असे वडील म्हणतात. ‘दोन वर्षे अनुभव घे, मग काकांच्या हाताखाली बस’, असे आजोबांच्या मनात असते. मुलाच्या मनात तिसरेच असते, पण ते तो बोलत नाही. असा मुलगा मंडळासमोर बसला की त्याच्या उत्तरात घरातल्या तिघांचेही आवाज एकमेकांत मिसळतात. म्हणून हा प्रश्न मंडळाने विचारण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी विचारावा, आणि मुलाचे उत्तर मधे न बोलता ऐकून घ्यावे. वडिलांना ते कदाचित झोंबेल. तरी ते मुलाखतीच्या पत्रानंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे.

एकदा ठरले की सांगण्यासारखे खरे कारण निघतेच. थोरला भाऊ पेढी सांभाळतो आणि दोघांचा संसार चालेल एवढा तिचा पसारा नाही, हे कारण सरळ आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मालाच्या खरेदी-विक्रीपेक्षा पैशाच्या व्यवहारात अधिक गोडी वाटते, हेही सांगता येते. मात्र पुढच्या प्रश्नाला तोंड देण्याची तयारी हवी. आणि दोन वर्षांनी परत यायचे हेच पक्के असेल, तर? तर ही जागा त्या मुलासाठी नव्हे. ‘आयुष्यभर बँकेतच राहीन’ असे खोटे सांगून जागा अडवण्यापेक्षा एखाद्या खासगी पेढीत वा सनदी लेखापालांच्या कार्यालयात अनुभव घ्यावा. तेथे मुदतीच्या कामाला कोणाची हरकत नसते.

‘स्वतःविषयी काही सांगा’ हा बहुधा पहिला प्रश्न असतो, आणि तो सोपा वाटतो म्हणूनच फसवा. अर्जात लिहिलेले नाव, गाव, टक्केवारी मंडळासमोरच असते. तेच पुन्हा वाचून दाखवण्यात पहिले मिनिट निघून जाते. त्या मिनिटात अर्जात नसलेले काही यावे. समजा, लातूरच्या एका भुसार व्यापाऱ्याची मुलगी मुलाखतीला गेली आहे. ती म्हणू शकेल : ‘‘मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. आमचा भुसाराचा व्यापार आहे. सोयाबीन आणि तूर घेऊन आम्ही कारखान्यांना व डाळमिलला पुरवतो. गेली तीन वर्षे हंगामात दुकानाचा रोजमेळ मी लिहिते. दिवाळीच्या सुमारास आवक वाढते. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात, कारखान्याकडून मात्र ते पंधरा-वीस दिवसांनी येतात. मधल्या दिवसांत दुकान बँकेच्या पैशावर चालते. ते खाते हाताळताना या क्षेत्राविषयी कुतूहल वाटू लागले.’’ बोलायला मिनिटभर पुरे. यात एकही शब्द उसना नाही, आणि ‘बँकच का?’ या पुढच्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही देऊन झाले.

तथापि एक सावधगिरी हवी. उमेदवाराने उच्चारलेला प्रत्येक शब्द मंडळाचा पुढचा प्रश्न होतो. ‘बँकेचे पैसे’ म्हटले की विचारले जाणार : कोणते खाते? मर्यादा कशी ठरते? येथे व्यापारी घरातील मुलांना जी संधी आहे, ती इतरांना नाही. इतर उमेदवार कॅश क्रेडिटची व्याख्या पाठ करून येतात. या मुलांच्या घरी ते खाते रोज चालते. दरमहा बँकेला जे स्टॉक स्टेटमेंट जाते, त्याची एक प्रत घेऊन वडिलांनी तासभर मुलांबरोबर बसावे. गोदामात 40 लाखांचा माल आहे. त्यातील 12 लाखांचा उधारीवर आणलेला आहे. राहिला 28 लाखांचा. त्यातून बँक आपले मार्जिन वजा करते. ते 25 टक्के धरले, तर 7 लाख गेले आणि 21 लाख उरले. येणे रकमेचा भाग वेगळा मोजला जातो, आणि फार जुने येणे बहुधा धरलेच जात नाही. मालापोटी पैसे काढण्याची ही जी 21 लाखांची मर्यादा निघाली, तिला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. मंजुरीपत्रात 30 लाख लिहिलेले असले, तरी माल आणि येणे कमी असेल तर तेवढी रक्कम हाती येत नाही. मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर यांतील हा फरक ज्याला घरच्या आकड्यांवरून समजावता येतो, त्याच्याकडे मंडळावरील अधिकारी खुर्चीत पुढे सरकून पाहतात.

यापुढचा प्रश्न बहुधा असा : हे खाते बुडीत कधी धरतात? येणे रक्कम मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग 90 दिवस राहिली, अथवा 90 दिवसांत खात्यात काही जमाच झाले नाही, तर ते अनुत्पादक ठरते. घरच्या खात्यावर अशी वेळ कधी आली होती काय, हे विचारण्याइतके मंडळ अनुदार नसते. पण आली असेल, तर ती कशी निभावली हे उमेदवाराला ठाऊक असावे.

खेदाची गोष्ट ही की अनेक घरांत मुलांना, विशेषतः मुलींना, दुकानाच्या कर्जाविषयी काहीच सांगितलेले नसते. ‘तू अभ्यास कर, हा विषय तुझा नव्हे’, असे म्हणून कीर्द-खतावणी बंद केली जाते. मग तीच मुलगी शिकवणीवर्गात पैसे भरून खेळत्या भांडवलाचा धडा गिरवते. तो धडा स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत कपाटात ठेवलेला असतो.

‘तुमची उणीव कोणती?’ या प्रश्नावर ‘मला प्रत्येक काम अगदी निर्दोष लागते’ हे उत्तर इतक्यांनी दिले आहे की ते ऐकताना मंडळ बहुधा पुढच्या उमेदवाराचा अर्ज उघडते. उणीव खरी असावी, ती दूर करण्यासाठी काय केले ते सांगता यावे, आणि ती पदाच्या मुळावर येणारी नसावी. हिशेबात चुका होतात असे बँकेत सांगून चालणार नाही. पण त्याच लातूरच्या मुलीने असे म्हटले तर? ‘‘ओळखीच्या माणसाकडे उधारी मागताना मला संकोच वाटत असे. मग मी थकलेल्या रकमांची तारीखवार यादी केली आणि दर सोमवारी पहिल्या पाच जणांना फोन करू लागले. संकोच अजून पुरता गेला नाही, पण फोन आता टळत नाही.’’ बँकेत वसुली हे रोजचे काम आहे. हे उत्तर ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःची पहिली शाखा आठवेल.

अडचणीचा एखादा प्रसंग सांगा म्हटले की मुले महाविद्यालयीन स्नेहसंमेलन आठवतात. दुकानातले प्रसंग अधिक वजनाचे असतात, फक्त ते प्रसंग म्हणून कोणी मोजलेले नसतात. 22 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले. तयार कपड्यांना 5 टक्के कर लागण्याची मर्यादा प्रति नग 1000 रुपयांवरून 2500 रुपयांवर गेली आणि त्यावरील कपड्यांचा दर 12 ऐवजी 18 टक्के झाला. ऐन सणाच्या तोंडावर कापड दुकानदारांच्या मुलांनी बिलाच्या संगणकात दर बदलले, जुन्या लेबलांचा माल वेगळा काढला, वाढलेला दर पाहून रागावलेल्या गिऱ्हाइकाला समजावले. काय घडले, आपण नेमके काय केले आणि शेवट काय झाला, एवढे क्रमाने सांगितले की उत्तर पूर्ण होते. त्यात ‘आम्ही’ किती आणि ‘मी’ किती, हे मात्र प्रामाणिकपणे वेगळे करावे. वडिलांनी घेतलेला निर्णय स्वतःच्या नावावर खपवला, तर दुसऱ्याच उपप्रश्नाला ते उघडे पडते.

बदलीचा प्रश्न दोन शब्दांत संपतो, पण त्याआधी घरात बोलणे झालेले असावे. सरकारी बँकेतील अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असणाऱ्या मुलाने तो नियम मंडळाला सांगण्याची गरज नाही. पण परगावी, खेडेगावच्या शाखेत, मार्चअखेरीच्या दिवसांत तो कसा पाळायचा याचा विचार करूनच ‘होय, तयार आहे’ म्हणावे. पगाराविषयी सरकारी बँकेत बोलण्यासारखे काही नसते, श्रेणी ठरलेली असते. खासगी कंपनीत विचारले, तर त्या पदाचा प्रचलित पगार आधी माहीत करून घेऊन एक वाजवी आकडा सांगावा. येथे व्यापारी रक्त उसळी घेते आणि मुलगा दुप्पट भाव सांगून उतरायला तयार होतो. घासाघीस दुकानात शोभते. येथे सांगितलेल्या आकड्यामागे कारण देता आले पाहिजे.

भाषेचा पेच या घरांत वेगळाच असतो. स्वयंपाकघरात मारवाडी, गुजराती किंवा कानडी, गल्ल्यावर मराठी, महाविद्यालयात इंग्रजी, आणि मुलाखत हिंदीत वा इंग्रजीत. ‘आडत’, ‘वटाव’, ‘तोलाई’ हे शब्द मुलांना पक्के माहीत असतात, पण ते इंग्रजीत कसे सांगायचे हे ऐन वेळी सुचत नाही. अशा पंधरा-वीस शब्दांची यादी आधीच करावी. उत्तरे लिहून पाठ करू नयेत. प्रत्येक उत्तराचे तीन-चार मुद्दे कागदावर असावेत आणि बोलणे दर वेळी नवे असावे. सराव मोठ्याने करावा, आणि शक्यतो वडिलांसमोर नव्हे. वडील एक तर कौतुक करतात किंवा मधेच स्वतः उत्तर देऊ लागतात. समाजात निवृत्त बँक अधिकारी असतातच. दुकान वाढवल्यावर रात्री अर्धा तास त्यांच्यासमोर बसावे आणि आडवेतिडवे प्रश्न विचारण्याची मोकळीक त्यांना द्यावी.

शेवटी मंडळ विचारते, ‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे काय?’’ ‘काही नाही’ म्हणून उठून येण्याची घाई करू नये. पण सुट्ट्या आणि भत्ते यांची चौकशीही येथे नको. पहिल्या नेमणुकीत कर्जविभागाचे काम किती महिन्यांनी पाहायला मिळते, हा प्रश्न त्या लातूरच्या मुलीला विचारता येईल. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचे आहे.