पाटीवरची नावं, पाटीखालची डोकी

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत वाद रंगला होता. मिशनने आपल्याला काय दिलं? कुणी शाळा म्हणालं, कुणी दवाखाना. एकाने तर सरळ सांगितलं, की काही दिलं नाही, फक्त घेतलं. मी त्या दिवशी गप्प होते. माझ्या डोक्यात आफ्रिकेतलं एक लहानसं गाव घोळत होतं आणि त्याचा इथे काय संबंध, ते मला धड सांगता आलं नसतं. आज लिहून सांगते.

गावाचं नाव लिव्हिंगस्टोनिया. मी तिथे गेलेले नाही. जुनी प्रवासवर्णनं वाचताना ते मला नकाशावर सापडलं आणि मग सुटेना. मलावी देशाच्या उत्तरेला, मलावी सरोवराच्या पश्चिम काठावर डोंगराची उभी भिंत आहे. पाण्यापासून साधारण 900 मीटर वर खोंडोवे नावाचं पठार आणि त्या पठारावर हे गाव. खाली काठाला चितिंबा. तिथून वर जायला वीसेक आडव्यातिडव्या वळणांचा घाट, वर्षानुवर्षं कच्चा. चोर्ला घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी कल्पना करावी. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला पावसाळा. त्या दिवसांत लाल चिखलात गाडी वर चढेल की नाही, हे पाऊसच ठरवणार. पुष्कळ माणसं वळणं सोडून पायवाटेने सरळ डोंगर चढतात.

इतक्या अडचणीच्या जागी गाव वसवायचं कशाला? कारण मलेरिया. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन 1875 साली सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरला उतरलं. तिथे माणसं तापाने गेली. 1881 मध्ये मुक्काम बांडावेला हलला, तिथेही तेच. शेवटी 1894 मध्ये डॉ. रॉबर्ट लॉज यांनी हे उंच, थंड पठार निवडलं. पुढच्या काही वर्षांत तिथे शाळा, कार्यशाळा, छापखाना उभा राहिला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने गावात आलं. 1905 च्या सुमाराला ओढ्याच्या पाण्यावर विजेचे दिवे लागले. 1911 मध्ये डेव्हिड गॉर्डन मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. त्या काळी आपल्याकडच्या कितीतरी शहरांत कंदीलच होते, हे लक्षात घ्या.

इथपर्यंत वाचून मीही भारावले होते. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. डोंगरावरच्या गावात पाणी तेवढं उताराने आपोआप येतं. बाकी सगळं चढावरून न्यावं लागतं. नळाचे पाईप, यंत्रांचे भाग, छापखान्याचे खिळे, औषधांच्या पेट्या. सरोवरातल्या बोटीने सामान काठापर्यंत यायचं. मोटारी येण्याआधी तिथून पुढे ते माणसांच्याच डोक्यावरून वर जायचं. त्यात ब्रिटिशांनी झोपड्यांवर कर बसवलेला. तो रोख भरायचा तर ओझी वाहा, नाहीतर दक्षिणेकडच्या खाणींत जा. उत्तर मलावीतले हजारो पुरुष असे गेले.

आणि नावाचं बघा. डेव्हिड लिव्हिंगस्टोन या गावात कधी राहिलेच नाहीत. ते 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियात वारले, म्हणजे हे गाव वसण्याच्या एकवीस वर्षं आधी. त्यांचा देह त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी दीड हजार किलोमीटरहून जास्त पायपीट करून समुद्रापर्यंत वाहून आणला. त्यांच्यातला चुमा काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. जेकब वेनराइट नाशिकच्या मिशनमध्ये वाढला होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे ठेवत. हे वाचलं आणि मलावी मला एकदम जवळचं वाटायला लागलं. एप्रिल 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या नावाने मिशन काढायची कल्पना पुढे आली. म्हणजे ज्यांनी वाहिलं त्यांच्यामुळे दफन झालं, दफनातून मिशन निघालं, मिशनमधून गाव. नाव मात्र ज्याला वाहिलं त्याचं.

कुणी म्हणेल, मग काय, लॉज वाईट होते? मी तसं म्हणत नाही. याच मिशनच्या शाळेत क्लेमेंट्स कडाली शिकला, मास्तर झाला. पुढे तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि 1919 मध्ये केपटाउनच्या गोदीत ओझी वाहणाऱ्या कामगारांची संघटना उभी केली. ओझी वाहणाऱ्यांच्या मुलखातल्या पोराला अक्षर मिळालं आणि त्याने ते ओझं वाहणाऱ्यांसाठीच वापरलं. ही देणगी खरी आहे. ती नाकारली तर मी खोटी ठरेन, कारण मीही मिशनच्याच शाळेत शिकले. पण देणगी खरी आहे म्हणून हिशोब विचारायचा नाही, हे मला पटत नाही. कृतज्ञतेची यादी पूर्ण असावी, एवढंच माझं मागणं.

ते आजीमुळे. आमच्या भागातल्या एका शाळेचं वसतिगृह बांधलं तेव्हा ती तिथे रोजावर होती. रेतीची पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर चढायची. दाराशी आजही संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर देणगीदारांची नावं आहेत, बिशपांचं आहे, तारीख आहे. लहानपणी मी विचारलं होतं, “आजी, तुझं नाव कुठाय गं?” ती हसून म्हणाली, “माझी पाटी वेगळी होती बाळा.” तेव्हा मीही हसले होते.

आता कॉलेजच्या स्मरणिकेचं काम सुरू होतंय. संस्थापकांवर लेख येतील, यायलाच हवेत. पण चार पानं गवंडी, हमाल, पाणी भरणाऱ्या बाया, स्वयंपाकघरातल्या मावश्या यांच्यासाठी ठेवूया. जुनी हजेरीपत्रकं ऑफिसात धूळ खात असतील, ती मागूया. ज्यांच्या घरचं कुणी या भिंतींसाठी राबलंय, त्यांनी नावं आणून द्यावीत. पहिलं नाव मी देते. मार्था, माझी आजी. ती दुसऱ्या शाळेची असली तरी यादी कुठूनतरी सुरू व्हायला हवी.