संमोहनोपचाराची योग्य जागा

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे औषध ज्या काळी वैद्यकास ठाऊक नव्हते त्या काळी, म्हणजे १८४५ साली, बंगालमधील हुगळी येथे कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने, अंडवृद्धीवरील शस्त्रक्रियेच्या वेदनांनी तळमळणाऱ्या एका कैद्यास मोहनिद्रेत नेऊन पाहिले, आणि तो प्रयोग साधल्यावर त्याच मार्गाने अनेक रुग्णांच्या अवजड गाठी त्यांना वेदना जाणवू न देता काढल्या. पुढच्याच वर्षी सरकारने त्याच्या कामाच्या तहकिकातीसाठी समिती नेमली व तिचा अहवाल आल्यावर कलकत्त्यात एक लहानसे इस्पितळ वर्षाच्या मुदतीने त्याच्या हवाली केले. परंतु त्याच १८४६ साली बॉस्टन येथे ईथरचा, व पुढच्या वर्षी एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी झाला. रुग्णाला मोहनिद्रा यावी म्हणून एस्डेलचे देशी मदतनीस तासन् तास त्याच्या अंगावरून हात फिरवीत बसत, तेथे आता काही मिनिटे पुरू लागली.

एस्डेल ज्या ‘प्राणिज चुंबकत्वा’वर, म्हणजे एका शरीरातून दुसऱ्यात जाणाऱ्या अदृश्य शक्तीवर, श्रद्धा ठेवून होता ते मुळातच नव्हते, असा निर्णय १७८४ सालीच फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या व फ्रँकलिन, लाव्हाझिए यांच्यासारखे विद्वान ज्यात होते त्या आयोगाने दिला होता, दिसतो तो परिणाम कल्पनाशक्तीचा, असे त्यांनी म्हटले आणि दप्तर बंद केले. माझ्या मते ते तेथेच उघडावयास हवे होते. कारण केवळ कल्पनेने मनुष्याची वेदना उणावत असेल, तर त्या शक्तीचा रीतसर उपयोग करून घेण्यास वैद्यकाने संकोच का करावा?

तसा उपयोग अन्यत्र झालेला आहे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या आतड्याच्या चिवट विकाराच्या ३० रुग्णांवर चाचणी केली, तीत ज्यांना संमोहन मिळाले त्यांची पोटदुखी व पोटफुगी इतरांहून कितीतरी अधिक कमी झाली. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९२ पासून कंठग्रंथीच्या शस्त्रक्रियासुद्धा, अंगास स्थानिक बधिरता व थोडे शामक देऊन, संमोहनाच्या साहाय्याने केल्या जातात. रुग्ण जागा असतो, तरी भीती त्याच्यापासून दूर असते. दंतवैद्याच्या खुर्चीची धास्ती, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलतानाच्या यातना, प्रसूतीपूर्वीची चिंता, यांत संमोहनाचा आधार देता येतो.

मात्र वेदना शमली म्हणजे व्याधी गेली असे नव्हे, आणि धोका नेमका येथेच आहे. पोटातील अर्बुदाची वेदना निदानापूर्वीच संमोहनाने दडपली गेली, तर रुग्णाचा बहुमोल काळ जातो. त्याहून मला अधिक भय वाटते ते विस्मृत भूतकाळ उकरून काढण्याच्या, पूर्वजन्म दाखविण्याच्या खटाटोपाचे. मोहावस्थेत मनुष्य सूचनेला इतका वश असतो की जे घडलेच नाही तेही त्याला आठवू लागते, आणि त्या खोट्या आठवणीवरून आप्तांवर आरोप होऊन घरे मोडतात.

म्हणून संमोहन मनोविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्या हाती असावे, त्याचे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांत रीतसर मिळावे, आणि उपचारापूर्वी रोगाचे निदान झाल्याचा लेखी दाखला रुग्णाच्या कागदपत्रांत असावा, अशी तजवीज सरकारने करावी. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे काही बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यास १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपचार यांविषयीचा कायदा हाताशी आहेच. त्याचा अंमल करावयास अधिकाऱ्यांनी नव्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.