संगणकापुढील श्रम आणि कामाचा दिवस

बंगळूरुजवळील देवनहळ्ळी तालुक्यात १,७७७ एकर शेतजमिनीचे संपादन कर्नाटक शासनाला १५ जुलै २०२५ रोजी मागे घ्यावे लागले. तेरा गावांतील शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने चालविलेल्या लढ्याचे ते फळ होते. पुढच्याच महिन्यात याच तालुक्यात ‘सॅप लॅब्ज’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या, १५,००० कर्मचारी सामावणाऱ्या संकुलाचे उद्घाटन झाले. जमिनीच्या प्रश्नाशेजारी आता तेथे संगणकापुढे राबणाऱ्यांच्या शरीराचाही प्रश्न उभा आहे.

हा नोकरदार स्वतःस ‘कामगार’ म्हणवून घेण्यास संकोचतो. त्याच्या मानेला व मनगटाला तो संकोच परवडत नाही. एकाच स्थितीत तासन्‌तास ताणलेल्या स्नायूंना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. वाकलेल्या मनगटातील मज्जातंतू दबून बोटे बधिर होतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. इटालियन वैद्य रामात्सिनी याने १७१३ साली कारकुनांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली होती : सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. बोरूची जागा कळफलकाने घेतली, तरी तिन्ही कारणे कायम आहेत.

यावर मालकवर्गाचा उपदेश ठरलेला असतो : ताठ बसा, व्यायाम करा. योग्य उंचीचा पडदा व पाठीला आधार देणारी खुर्ची आवश्यक आहेत, यात वाद नाही. परंतु बाराव्या तासाला कोणतीही खुर्ची शरीराचे रक्षण करू शकत नाही. प्रश्नाचे मूळ कामाच्या तासांत आहे.

आणि नेमके तेच वाढविण्याचा खटाटोप चालला. २०२४ साली माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात १४ तासांपर्यंतच्या कामाच्या दिवसाचा प्रस्ताव कर्नाटकात पुढे आला. २०२५ साली दैनिक मर्यादा ९ वरून १० तास आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ५० वरून १४४ तास करण्याची सूचना आली. ‘किटू’ या कर्मचारी संघटनेने दोन्ही वेळी विरोध संघटित केला. आठवड्यास ५५ वा अधिक तास काम केल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मांडला होता.

युरोपीय समुदायाने १९९० सालीच पडद्यावरील कामात नियमित विश्रांती व नेत्रतपासणी बंधनकारक केली. श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मनगटाचा ‘कार्पल टनेल’ विकार आहे. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्य संहितेच्या २९ रोगांच्या सूचीत मात्र त्याला स्थान नाही. रोगाची दखलच नसेल, तर नोंद कोण करणार आणि भरपाई कोठून मिळणार ?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : आठ तासांचा दिवस, कामाच्या वेळेतच सवेतन विश्रांती, मालकाच्या खर्चाने नेत्रतपासणी आणि या विकारांचा सूचीत समावेश. देवनहळ्ळीइतकाच हा हिंजवडीचाही प्रश्न आहे. जेथे जेथे आपले सभासद या क्षेत्रात आहेत, तेथे त्यांनी सहकाऱ्यांच्या वेदनांची नोंद घेण्यापासून प्रारंभ करावा. एकट्याची कुरकुर दुर्लक्षिता येते. शंभरांची नोंद घेऊन आलेली संघटना दुर्लक्षिता येत नाही.