जुनी, की व्हिंटेज?

कोणत्याही जुन्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हणायची जी साथ आली आहे ना, तिचा मला आताशा वैताग येतो. शब्द मुळात द्राक्षमळ्यातला. कोणत्या सालच्या हंगामातली वाइन, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबाने काल कारखान्यातून आलेली गिटारसुद्धा व्हिंटेजच, फक्त कालच्या हंगामातली! गाडीवाल्यांनी निदान एक रेघ तरी आखली. आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. इलेक्ट्रिक गिटारला आरटीओ नाही. विकणारा म्हणेल ती पूर्वदिशा.

नुसतं वय पुरेसं नाही, हे इतिहासच सांगतो. १९५८ ते १९६० या काळात गिब्सनने लेस पॉल गिटार तांबूस-पिवळ्या ‘सनबर्स्ट’ रंगात काढली. ती फारशी खपली नाही. १९६१ मध्ये कंपनीने तो आकारच बदलून टाकला आणि या गिटारी ‘सेकंडहँड माल’ झाल्या. मग १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबरच्या रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनने तसलीच एक वाजवली, आणि जो तो जुनी लेस पॉल शोधत सुटला. १९६८ मध्ये गिब्सनला ती पुन्हा बनवायला घ्यावी लागली. म्हणजे मागणी आली तेव्हा त्या गिटारी जेमतेम सहा-आठ वर्षांच्या होत्या. माझा लॅपटॉप याहून म्हातारा आहे :)

फेंडरचंही तेच. १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला विकली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माल इतका खालावला, असं वादकांचं मत झालं, की ‘प्री-सीबीएस’ ही एक वेगळी जातच तयार झाली. १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच आपल्या १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टरच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर मागच्या स्टेबल व्हर्जनवर रोलबॅक! त्याच साली फेंडर जपानमध्येही गिटारी बनवू लागलं. स्वस्त जपानी नकलांना टक्कर द्यायला काढलेल्या तिथल्या ‘स्क्वायर’ गिटारी, ज्यांचा क्रमांक जेव्हीने सुरू होतो, त्या आज लोक हुडकून हुडकून घेतात.

त्यातलीच एक गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. घेतली तेव्हा फक्त जुनी होती. तिचा तीन खटक्यांचा स्विच काढून मी पाच खटक्यांचा बसवला, कारण मला मधले आवाज हवे होते. आता फ्रेट्स झिजल्यात. पाचव्या फ्रेटवर दुसरी तार खर्रर्र करते. दुरुस्तीला नेली तर कारागीर म्हणतो, “साहेब, ओरिजिनल फ्रेट्स आहेत, काढू नका. व्हिंटेज पीस आहे हा.”

आता बोला! फ्रेट म्हणजे चपलेचा तळ. तो झिजण्यासाठीच असतो.

पण बाजाराचा न्याय असाच आहे. जाणकार व्यापारी गिटार उघडून व्हॉल्यूमच्या पॉटवरचा आकडा वाचतो. समजा १३७६६३३ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे साल, ३३ म्हणजे आठवडा. मग डाग दिलेला सांधा कोणी हलवलाय का ते बघतो. माझ्यासारख्याला हे फार आवडतं, अगदी कमिट हिस्ट्री वाचल्यासारखं. पण त्यातून सिद्ध काय होतं? कोणी हात लावला नाही, एवढंच. पुन्हा रंगवलेल्या गिटारीची किंमत निम्मी, हा तर धंद्यातला ठरलेला अंदाज.

याच न्यायाने डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट म्हणजे भंगार. १९६९ ची गिटार, १९७० मध्ये न्यूयॉर्कला घेतलेली. तिची मान कितीदा बदलली, पिकअप बदलले, भोकं पाडली. जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. “अहो, पण ती गिलमोरची!” असं म्हणाल. बरोबर. पण त्याचा आवाज त्या खाडाखोडीतूनच घडला ना?

जुन्या लाकडाला आवाज चढतो म्हणतात, त्यावर मी फार विसंबत नाही. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना गॉगल घालून, म्हणजे ओळखू येणार नाही अशा रीतीने, जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. भरीव लाकडाच्या, पिकअपवर चालणाऱ्या गिटारीबद्दल मग काय बोलायचं? हां, काही जुनेपण खरंच पुन्हा मिळत नाही, हे मान्य. ब्राझिलियन रोजवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. आज कित्येक गिटारींच्या पट्टीवर आपला शिसव दिसतो.

तर माझ्या मते गिटार व्हिंटेज कधी होते? मालकाचा हात स्क्रूड्रायव्हर उचलताना थबकतो, तेव्हा. आमच्या धंद्यातही असा कोड असतो, ज्याला कोणी हात लावायला धजत नाही. त्याला आम्ही लिगसी म्हणतो, आणि ते काही कौतुकाने नाही. माझी लेक हीच गिटार घेऊन पावसात कॉलेजच्या गॅदरिंगला जाते. उद्या मी तिला ‘व्हिंटेज’ ठरवली, की आधी काचेचं कपाट येणार, मग विमा, मग लेकीला “जपून गं!” आणि शेवटी “तू दुसरी घे.”

फ्रेट्स बदलायला दिल्यात. कारागिराने नाराजीनेच घेतली, जुन्या फ्रेट्स पुडीत बांधून देतो म्हणाला. बुधवारी मिळेल. तारा नऊच्या टाकायला सांगितल्यात, दहाच्या आता माझ्या बोटांना झेपत नाहीत.