'लोण' म्हणजे साथ नव्हे

आमच्या वृत्तपत्रांत 'लोण' ह्या शब्दाची सध्यां मोठी चलती आहे. संपाचें लोण, दंगलीचें लोण, रोगराईचें लोण! जें जें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पसरतें, तें तें ह्या लेखकांच्या मतें लोणच. इकडे शब्दाची अशी विटंबना. तिकडे ज्या मैदानावर तो मानानें नांदत होता, तेथून त्याची हकालपट्टी. कबड्डींत प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद केले कीं लोण होतें आणि दोन गुण अधिक मिळतात. नियमांच्या पुस्तकांत हें नांव अद्याप आहे. परंतु २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून समालोचकांच्या तोंडीं 'ऑल आउट' हेंच पालुपद ऐकूं येतें.

'अर्थ समजला म्हणजे झालें, व्युत्पत्ति हवी कशाला?' असें कोणी म्हणेल. पण अर्थ तरी समजला आहे कोणाला? संस्कृत लवण, त्याचें प्राकृत लोण, म्हणजे मीठ. लोणचें हें त्याचेंच अपत्य. लोणी मात्र नवनीताच्या कुळांतलें. त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. आट्यापाट्यांच्या खेळांत नऊ पाट्या ओलांडून जो गडी पलीकडे जातो आणि अडविणाऱ्यांस चुकवीत पुन्हां परततो, तो लोण आणतो. 'लोण पोंचविणें' हा वाक्प्रचार ह्या खेळांतूनच आला. मोलाची वस्तु संकटांतून सोडवून स्वकीयांच्या हातीं देणें, हा त्याचा भाव. विद्येचें लोण घरोघर पोंचविलें म्हणावें. पटकीचें लोण कसलें?

खेळांत मीठ आलें कोठून, हें पाहावयास फार दूर जाणें नको. मुलुंड, भांडुप, कांजूर येथील मिठागरें आठवावीं. उधाणाचें पाणी खाडींतून आंत घ्यावें, पाटांनीं उथळ वाफ्यांत खेळवावें, उन्हांत आटवावें, आणि पावसापूर्वीं मीठ ओढून ढीग घालावे. वाफ्यावाफ्यांमध्यें चिंचोळे बांध. माणसानें त्यांवरूनच जावें-यावें. हा खेळ अशा बांधांवरून आला, असें म्हणणाऱ्यांचें मत आम्हांस पटतें. ही शेतीच होती. म्हणून तर कोंकणांत नारळीपोफळीच्या बागेलाहि आगर म्हणतात आणि मीठहि 'पिकतें'.

आणि ह्याच भूमीस आतां 'पडीक' म्हणतात! ३० सप्टेंबर २०२४ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें ह्या तीन ठिकाणची २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी प्रकल्पांतील घरांसाठीं घेण्यास मान्यता दिली. गरिबांस घर हवें, ह्याबद्दल आमचा वाद नाहीं. तेथें मीठ काढणें बहुतांशीं थांबलें, हेंहि खरें. परंतु मीठ पिकत नाहीं म्हणून भूमि निकामी ठरत नाहीं. भरतीचें व पावसाचें पाणी ती पोटांत घेते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाण्याला जागा न उरल्यास काय होतें, हें उपनगरांतील प्रत्येक घरानें पाहिलें आहे.

लोण म्हणजे साथ आणि आगर म्हणजे पडीक, हे दोन्ही प्रमाद एकाच अज्ञानाचीं फळें आहेत. पहिला संपादकांनीं दुरुस्त करावा. त्यास एक लेखणी पुरे. दुसरा मात्र एकदां पायाचे खांब रोवले गेले म्हणजे कोणाच्याच हातीं राहणार नाहीं.