कल्लोळाची कैफियत

लग्नसराईत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत वाशीमच्या पाटणी चौकातून डीजेच्या पेट्यांची भिंत पुढे सरकू लागली, की दुसऱ्या दिवशी चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र जमतात आणि ‘हे संगीत नव्हे, हा निव्वळ गोंगाट’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. त्या भिंतीबद्दलच्या त्यांच्या संतापात मी सामील आहे. परंतु त्या निवाड्यात संगीत आणि गोंगाट हे जन्माचे वैरी आहेत असे जे गृहीत धरलेले असते, त्याविरुद्ध एक कैफियत दाखल करावी असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. तिच्यासाठी पहिला साक्षीदार मात्र फार लांबून बोलवावा लागतो.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात व्हिक्टोरियाव्हिल नावाचे एक गाव आहे. लोकवस्तीने ते आपल्या वाशीमहून लहान. तरीही ज्या संगीताला कोठे थारा मिळत नाही अशा संगीताचा उत्सव तेथे १९८३ पासून भरत आला आहे. या उत्सवात मे २००५ मध्ये दोन असे पक्ष एका रंगमंचावर आले, की ज्यांची सोयरीक कोणा शहाण्या मध्यस्थाने जुळवली नसती. एका बाजूला मिशिगनमधील ‘वुल्फ आइज’ ही तरुणांची टोळी, जिची वाद्ये म्हणजे स्वतः जोडलेली विद्युत्-यंत्रे, ध्वनिफिती आणि खरखर, घरघर, कर्कश शिट्ट्या यांचा अखंड साठा. आणि दुसऱ्या बाजूला साठीच्या उंबरठ्यावर आलेले, विद्यापीठात संगीताचे अध्यापन करणारे, शिकागोचे अँथनी ब्रॅक्स्टन, ज्यांनी १९६९ मध्ये केवळ एका आल्टो सॅक्सोफोनवर, कोणाच्याही साथीवाचून, दोन तबकड्या भरतील एवढे वादन ध्वनिमुद्रित करून जाझच्या जगाला अचंब्यात टाकले होते. त्या संयुक्त मैफलीची ध्वनिमुद्रिका पुढे २००६ मध्ये निघाली. तिचे नाव पंगतीत उच्चारण्याजोगे नसल्यामुळे ते येथे देत नाही.

ही ध्वनिमुद्रिका गोड आहे, असे सांगून मी कोणाची फसवणूक करणार नाही. तिच्यातील बराच भाग मलाही रुचला नाही, आणि काही ठिकाणी यंत्रांची गुरगुर इतकी एकसुरी होते की पुढच्या खोलीत जाऊन बसावेसे वाटते. परंतु जरा धीर धरून कान दिला, तर एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते: सॅक्सोफोन त्या कल्लोळावर स्वार होऊन स्वतःची कर्तबगारी दाखवीत नाही, तो त्यात उतरतो, त्यातल्या एखाद्या चीत्काराला तशाच चीत्काराने उत्तर देतो, आणि ते उत्तर ऐकून यंत्रापाशी बसलेला तरुण आपली दिशा किंचित बदलतो. पुढे काय व्हावयाचे ते आधी कोठेही लिहिलेले नाही. तेथे एकमेकांचे ऐकणे सुटले, तर मागे उरतो तो खरोखरीच गोंगाट.

आता कोणी म्हणेल, की यात नवल ते काय. आपल्याकडे उपज आहे, बढत आहे, सवालजवाब आहे, हे सारे आपण केव्हाच करून चुकलो आहोत. परदेशातील कोणतीही गोष्ट ऐकून ‘हे आमच्या घरचेच’ असे म्हणण्याची आपली ही सवय सुखावह असली तरी येथे ती लागू पडत नाही. आपला गवई कितीही दूर भटकला तरी राग त्याच्या पायाखाली असतो, आणि सम कोठे यावयाची हे त्याला, तबलजीला आणि पहिल्या रांगेत मान डोलावणाऱ्या श्रोत्याला सारखेच ठाऊक असते. ऑर्नेट कोलमनने डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या समोरासमोर उभ्या करून, सुमारे ३७ मिनिटे अखंड चालणारे जे सामूहिक वादन ध्वनिमुद्रित केले आणि ज्याच्या ‘फ्री जाझ’ या नावावरून पुढे एक संप्रदायच ओळखला जाऊ लागला, त्यातील वादकांनी हे ठरलेल्या स्वरसंगतीचे छत्र आपण होऊन काढून ठेवले होते. त्यांची जोखीम निराळी होती.

आणि तरीही त्या जोखमीशी मराठी घराची गाठ पडलेली आहे. कोलमनच्या त्याच वादनात ट्रंपेट वाजवणारा डॉन चेरी पुढे १९८८ मध्ये त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उस्फ्रेट’ या ध्वनिमुद्रिकेत वाजवताना आढळतो, आणि त्याच ध्वनिमुद्रिकेत गाणारा आवाज आहे त्रिलोक यांच्या मातोश्रींचा, म्हणजे बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याच्या अनभिषिक्त सम्राज्ञी शोभा गुर्टू यांचा. त्या वेळी त्यांची साठी उलटून गेलेली होती! मुंबईत वाढलेल्या त्रिलोक यांची रीतही पाहण्याजोगी: पाश्चात्त्य ढोल आणि तबला यांच्या मध्ये ते जमिनीलगत बसतात, शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवतात, आणि वाजती झांज किंवा तबकडी तीत अलगद बुडवतात, त्यासरशी धातूचा नाद वाकतो, घसरतो आणि विरतो. पेटीच्या कोणत्याही पट्टीत न बसणारा तो आवाज गोंगाट म्हणावा की नाद, याचा खल शोभाताईंनी केल्याचे दिसत नाही, त्या गायल्या.

मुंबईने अशा संगीताला एके काळी उघडे मैदान दिले होते. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पहिली ‘जाझ यात्रा’ धोबी तलावाजवळच्या रंगभवनात भरवली आणि सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनचा दिग्गज तेथे वाजवून गेला. पुढे रुग्णालये आणि महाविद्यालय शेजारी असल्याकारणाने तो परिसर शांतता-क्षेत्रात मोडला, आणि रंगभवनातल्या मैफली बंद पडल्या. रुग्णाला झोप मिळावी याविषयी माझी तक्रार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. पण कायदा आवाजाची पातळी मोजतो; त्या आवाजात कोणी कोणाचे ऐकत आहे की नाही, हे मोजण्याचे यंत्र कोणत्याही कचेरीत नाही. परिणाम असा, की जाझचे रंगभवन मुके झाले आणि आमच्या चौकातली भिंत दरवर्षी परवान्यासह अथवा परवान्यावाचून पुन्हा उभी राहते.

या सगळ्याचा वाशीमशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने एकदा बँडवाल्याच्या जवळ जाऊन उभे राहावे. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये ज्याचे स्वामित्व नोंदवले ते वाद्य पलटणींच्या बँडांबरोबर या देशात आले आणि पलटणी गेल्यावर वरातीत राहिले. पितळ काळवंडलेले, एखादी कळ रबराच्या छल्ल्याने बांधलेली, आणि वरात निघेपर्यंत रीड ओली राहावी म्हणून ती ओठांत धरून मुकाट उभा असलेला वादक. घोडा अडला, वरबाप रुसला, पुढे नाचणारी पोरे हटेनात, म्हणजे ठरलेले गाणे संपून जाते आणि बँडमास्तराच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर पुढची दहा मिनिटे जागच्या जागी रचावी लागतात. ताशा एक तुकडा फेकतो, सॅक्सोफोन तो उचलतो, जरा विस्कटतो, परत करतो. याला कोणी कला म्हणत नाही. मोबदला ठरवताना तर मुळीच नाही. डीजे आल्यापासून या माणसांना बोलावणीही कमी येतात, आणि जी येतात त्यांत पुष्कळदा त्या पेट्यांच्या मागे चालण्याचे काम असते, जेथे त्यांचे वाजवणे त्यांचे त्यांनाही ऐकू येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झाले, आणि त्याच्या वास्तूला रूप दिले आहे ते नंगाऱ्याचे. नंगाऱ्याची इमारत उभारणाऱ्या जिल्ह्याने नंगारा वाजवणाऱ्याला आणि सॅक्सोफोनवाल्याला समोरासमोर बसवून ऐकावे, ही मागणी अवास्तव नाही. माझे नगरपरिषदेला आणि गावातील सांस्कृतिक मंडळांना एवढेच सांगणे आहे, की यंदा उत्सवाच्या खर्चातून एक संध्याकाळ बाजूला काढावी, बँडवाले, डफडेवाले आणि नंगारेवाले यांना रीतसर बिदागी देऊन बोलवावे, ध्वनिवर्धक बंद ठेवावा, फर्माईश करू नये, आणि श्रोत्यांनी खुर्चीवर बसून तासभर ऐकावे. अर्ज कोणी लिहीत असेल, तर पहिली सही माझी धरावी.